निसर्गभ्रमंतीसाठी छोटी दुर्बीण: ८×२५ की १०×२५, आणि बाकी काय तपासावे

प्रश्न असा आहे: पायी भटकताना सोबत ठेवायला लहान, हलकी आणि फार महाग नसलेली दुर्बीण हवी. मुख्यतः पक्षी पाहायचे आहेत, जमल्यास फुलपाखरेही. डोळ्यांना चष्मा आहे. ८×२५ घ्यावी की १०×२५?

८×२५ घ्या. दोनशे-अडीचशे ग्रॅम जास्त वजन चालणार असेल तर ८×३० किंवा ८×३२ त्याहून चांगली. बजेट कमी असेल तर सडपातळ, सरळ नळ्यांच्या रूफ दुर्बिणीपेक्षा उलट्या पोरो रचनेची दुर्बीण बघा (या दोन्ही रचना पुढे समजावल्या आहेत). आणि चष्मा आहे म्हणून आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसताना डोळा भिंगापासून किती मागे असू शकतो ते अंतर) १५ मिमीपेक्षा कमी असलेली मॉडेले यादीतून आधीच काढून टाका. ही झाली उत्तराची गोळाबेरीज; आता कारणे.

८×२५ मधला ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते ते, आणि २५ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. तिला एक्झिट प्यूपिल म्हणतात. ८×२५ मध्ये ती ३.१ मिमी असते, १०×२५ मध्ये २.५, ८×३२ मध्ये ४ आणि ८×४२ मध्ये ५.२५.

या आकड्याचा संबंध बहुतेक जण फक्त उजेडाशी लावतात. पण लख्ख उन्हात डोळ्याची बाहुली आकसून २ ते ३ मिमी झालेली असते. त्या वेळी ८×२५ आणि ८×४२ मधून दिसणाऱ्या चित्राच्या उजेडात फारसा फरक नसतो, कारण जास्तीचा प्रकाश बाहुलीच्या बाहेर पडून वाया जातो. लहान दुर्बिणीची खरी अडचण डोळा नेमक्या जागी धरण्याची आहे. बाहुली २.५ मिमी धरली तर ८×२५ मध्ये डोळ्याला प्रत्येक बाजूला जेमतेम ०.३ मिमी मोकळीक मिळते. ८×३२ मध्ये ती ०.७५ मिमी होते. १०×२५ मध्ये मोकळीक उरतच नाही. डोळा किंचित सरकला की चित्राची कड काळी पडते. चालून दम लागलेला, मान वर केलेली, पक्षी फांद्यांत हलतोय, अशा वेळी ही ०.३ मिमी आणि शून्य यांतली तफावत प्रत्यक्ष जाणवते. स्वस्त आणि लहान दुर्बीण निवडताना पुढचा प्रत्येक मुद्दा याच कसोटीवर लावा: डोळा पटकन आणि न चुकता जागेवर बसतो का?

१०×२५ विरुद्ध आणखी तीन गोष्टी आहेत. हाताचा थरथराट आठऐवजी दहापट मोठा होतो, आणि हलकी दुर्बीण मुळातच जड दुर्बिणीपेक्षा जास्त थरथरते. एकाच वेळी किती खोलीपर्यंतचे स्पष्ट दिसते तो पट्टा वर्धनाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ६४ विरुद्ध १००. त्यामुळे १० पटीत फोकसचे चाक सतत फिरवत बसावे लागते. तिसरे, संध्याकाळी बाहुली ५ मिमीपर्यंत उघडते तेव्हा १०×२५ चे चित्र ८×२५ च्या तुलनेत सुमारे ३६ टक्क्यांनी मंद असते. आठऐवजी दहा पट वर्धनाचा फायदा घ्यायला स्थिर हात आणि मोठे भिंग लागते. खिशातल्या दुर्बिणीत दोन्ही नसतात.

अर्थात ८×२५ लाही मर्यादा आहे. पहाटे, सूर्यास्तानंतर किंवा दाट झाडीत तिचा जोर संपतो. ८×३२ चे भिंग क्षेत्रफळाने तिच्या १.६ पट असते, ८×४२ चे २.८ पट. मुख्य फिरणे पहाटेच्या अंधूक प्रकाशात होणार असेल तर ‘खिशात मावणारी’ ही अट सोडून द्या. वजनाचा अंदाज असा: ८×२५ साधारण २५० ते ३५० ग्रॅम, ८×३० आणि ८×३२ साधारण ४५० ते ६००, ८×४२ साधारण ६५० ते ८००.

आता रचना. दुर्बिणीत लोलक असतात ते उलटे चित्र सरळ करण्यासाठी. इटालियन इंजिनिअर इग्नाझिओ पोरो याने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली लोलकांची जुळणी आजही वापरात आहे. जुन्या, रुंद खांद्यांच्या दुर्बिणी त्याच पद्धतीच्या. छोट्या दुर्बिणीत हीच जुळणी उलटी करतात, म्हणजे पुढची भिंगे डोळ्यांकडच्या भिंगांपेक्षा एकमेकांजवळ येतात. हीच उलटी पोरो. दुसरी पद्धत रूफ लोलकाची, ज्यात नळ्या सरळ आणि सडपातळ दिसतात.

दिसायला रूफ देखणी असते, घडी केली की शर्टाच्या खिशात जाते. पण ती नीट बनवणे खर्चिक असते. लोलकाच्या छपरासारख्या दोन पृष्ठांमधला ९० अंशांचा कोन काही विकलांइतक्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अचूकतेने घासावा लागतो. छोट्या रूफ दुर्बिणीतल्या नेहमीच्या लोलकाच्या एका पृष्ठावर आरशाचा थर द्यावा लागतो. तो ॲल्युमिनिअमचा असेल तर साधारण दहा टक्के प्रकाश तिथेच जातो, चांदीचा असेल तर कमी, आणि डायइलेक्ट्रिक म्हणजे धातूविना केलेला बहुपदरी थर असेल तर जवळजवळ जात नाही. शिवाय छपराच्या दोन बाजूंनी गेलेल्या प्रकाशलहरींत कलाफरक पडतो, म्हणजे त्यांचा ताळमेळ बिघडतो, आणि बारीक तपशील धूसर होतो. त्यावर उपाय म्हणून लागणारा फेज कोटिंगचा थर झाइसने १९८८ मध्ये आणला; आता तो मध्यम किमतीतही मिळतो, पण सर्वांत स्वस्त रूफ दुर्बिणीत तो नसतो. माहितीपत्रकात ‘फेज करेक्टेड’ किंवा ‘फेज कोटेड’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर नाही असेच समजा. पोरो लोलकाला यातले काहीच लागत नाही. म्हणून तितक्याच पैशांत उलट्या पोरोचे चित्र बहुधा जास्त रेखीव आणि जास्त उजळ असते.

उलट्या पोरोचे तोटेही सांगायला हवेत. ती चपटी होत नाही, खिशात फुगवटा येतो. बऱ्याच मॉडेलांत फोकस करताना डोळ्यांकडची दोन्ही भिंगे एका आडव्या पट्टीवर पुढेमागे होतात. ही पट्टी सैल असली की एका बाजूने दाब पडताच त्या डोळ्याचा फोकस बिघडतो. दुकानात हे पाहायला फोकस लावा आणि एका आयकपवर (डोळ्याकडच्या भिंगाभोवतीच्या रबरी कडीवर) बोटाने हलके दाबा. चित्र धूसर झाले तर ती दुर्बीण ठेवून द्या. याच हलत्या भागामुळे तिला जलरोधक करणे अवघड असते. अपवाद आहेत: व्होर्टेक्सची व्हँक्विश ८×२६ ही उलटी पोरो असून जलरोधक आहे. आकाराचे फार बंधन नसेल तर कोवाची वायएफ मालिका, ६×३० आणि ८×३०, हा साध्या पोरोचा जलरोधक पर्याय पाहण्यासारखा आहे. वजन पाचशे ग्रॅमच्या आत. ६ पट ऐकून नाक मुरडू नका. ६×३० ची एक्झिट प्यूपिल ५ मिमी, चित्र स्थिर, आणि झाडीत पक्षी सापडायला सोपे. मुलांसाठी आणि हात थरथरणाऱ्यांसाठी त्याहून सोयीचे क्वचितच काही मिळेल.

फुलपाखरांसाठी किमान फोकस अंतर पाहा. ते २ मीटर किंवा कमी असावे. ३ ते ४ मीटर असेल तर पायाशी बसलेले फुलपाखरू पाहायला मागे सरकावे लागते. दुसरा मुद्दा सहसा माहितीपत्रकात नसतो: अगदी जवळ पाहताना दोन नळ्यांची चित्रे एकमेकांवर बसत नाहीत, डोळे तिरळे केल्यासारखा ताण येतो. पुढची भिंगे जवळजवळ असल्याने उलट्या पोरोत हा त्रास कमी. पेंटॅक्सची पपिलिओ (६.५×२१ आणि ८.५×२१) खास याच कामासाठी आहे. तिची पुढची भिंगे फोकस जवळ आणताना आतल्या बाजूला सरकतात आणि ती अर्ध्या मीटरवरचे स्पष्ट दाखवते. कीटक, फुले, चतुर हा मुख्य छंद असेल तर ६.५×२१ घ्या, ८.५ मध्ये एक्झिट प्यूपिल पुन्हा २.५ मिमीच्या आसपास येते. ती जलरोधक नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

चष्मा. आय रिलीफ म्हणजे डोळा मागे किती अंतरावर असताना पूर्ण चित्र दिसते ते अंतर. चष्म्याची काच मध्ये येते म्हणून ते १५ मिमी तरी हवे, जाड चौकटीला १६-१७. छापलेला आकडा भिंगाच्या काचेपासून मोजलेला असतो, पण काच कडेपेक्षा खोल बसवलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन मिमी कमी मिळतात. म्हणून आकड्यावर न थांबता आयकप पूर्ण खाली करून चष्म्यासकट पाहा: चित्राची गोल काळी कड स्पष्ट दिसली तर ठीक, कड दिसतच नसेल तर दृष्टिक्षेत्राचा बाहेरचा भाग तुम्ही गमावताय. फार रुंद दृष्टिक्षेत्र देणाऱ्या स्वस्त छोट्या दुर्बिणींत आय रिलीफ अनेकदा १० मिमीच्या आसपास असते. बिनचष्म्याच्या माणसाला त्या झकास, तुम्हाला निरुपयोगी. फक्त दूरचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भागते. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर भागत नाही. तसेही चालताना दर वेळी चष्मा काढणे-घालणे यात पक्षी उडून जातो.

आयकप फिरवून वर येणारे आणि मधल्या टप्प्यांवर थांबणारे असावेत. नुसते दुमडायचे रबर कालांतराने चिरते. बिनचष्म्याच्या माणसाला आयकप आय रिलीफपेक्षा आखूड पडले तर डोळा फार जवळ जातो आणि चित्रात काळे डाग तरंगतात. हा दोष काचेचा वाटतो, पण असतो आयकपच्या उंचीचा. अशा वेळी दुर्बीण डोळ्याच्या खोबणीत न खुपसता भुवईच्या हाडाला टेकवा, डाग जातात.

दृष्टिक्षेत्र अंशांत, मीटरमध्ये किंवा फुटांत दिलेले असते. अंशांना १७.५ ने गुणले की १००० मीटरवर किती मीटर रुंद दिसते ते कळते. १००० यार्डांवर फूट दिले असतील तर ३ ने भागा: ३४२ फूट म्हणजे ११४ मीटर. ८ पटीसाठी ११० मीटरच्या खाली जाऊ नका, १२० ते १४० उत्तम. त्याहून अरुंद असली की नळीतून पाहिल्यासारखे होते. वीस मीटरवरच्या झुडपात ११० मीटरवाली दुर्बीण २.२ मीटर रुंदीचा भाग दाखवते, १४० वाली २.८. शेंड्यावरच्या खंड्याला काही फरक पडत नाही, पानांत शिरलेल्या वटवट्याला पडतो.

कोटिंगबाबत शब्द नीट वाचा. कोटिंग नसलेल्या काचेचे प्रत्येक पृष्ठ सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते. दुर्बिणीच्या एका नळीत हवेला लागून असलेली दहा पृष्ठे धरली तरी एक तृतीयांश प्रकाश जातो, आणि परतलेला प्रकाश आत भटकून चित्रावर पांढरट झाक आणतो. बहुथरी कोटिंगने हे नुकसान प्रत्येक पृष्ठाला अर्ध्या टक्क्यावर येते. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे सगळ्या पृष्ठांवर बहुथर. नुसते ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ म्हणजे काही पृष्ठांवर. खात्री करायला छताच्या दिव्याखाली भिंगात पडणारी प्रतिबिंबे पाहा: हिरवट, जांभळट आणि मंद असावीत. एखादे प्रतिबिंब पांढरे आणि झगझगीत दिसले तर ते पृष्ठ कोरे आहे. लालभडक ‘रुबी’ भिंगे घेऊच नका. ती लाल प्रकाश परतवून चित्र निळसर-हिरवट करतात.

लोलकाची काच सरस बीएके-४ आहे की स्वस्तातली बीके-७, हे पाहायला दुर्बीण हातभर लांब धरून उजेडी आकाशाकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात दिसणारा प्रकाशाचा ठिपका पूर्ण गोल असावा. कडा राखाडी, आकार चौकोनाकडे झुकलेला दिसला तर काच हलक्या दर्जाची किंवा लोलक आकाराने अपुरा. ईडी काचेचा (रंगांच्या कडा कमी करणाऱ्या महाग काचेचा) मात्र ८×२५ मध्ये फार आग्रह धरू नका. रंगांच्या कडा वर्धन आणि भिंग वाढले की त्रास देतात. इतक्या लहान दुर्बिणीत तेच पैसे कोटिंग आणि जलरोधकतेवर जास्त कामी येतात.

जलरोधकता पाऊस किंवा दमट हवा असलेल्या ठिकाणी चैन नाही. नायट्रोजन भरलेली, सीलबंद दुर्बीण आतून धुरकटत नाही आणि आत बुरशीही सहसा शिरत नाही. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे फक्त शिंतोडे.

न घेण्याच्या गोष्टी झटपट: झूम दुर्बीण (दृष्टिक्षेत्र अरुंद, दोन्ही नळ्या एकत्र जुळून राहत नाहीत), ‘फोकस फ्री’ (जवळचे कधीच स्पष्ट दिसत नाही), आणि ‘५०×५०’, ‘१००×’ असे आकडे मिरवणारी काहीही. शंका आली तर मोजा. मोबाइलचा दिवा डोळ्याकडच्या भिंगामागे काही फुटांवर धरून पुढच्या भिंगातून निघणाऱ्या झोताचे वर्तुळ कागदावर घ्या. त्याचा व्यास हा खरा उपयोगी व्यास. छापील ५० च्या जागी तो निम्मा भरला तर कुठे पाणी मुरते ते कळतेच.

घेण्याआधी, किंवा परत करण्याची मुदत आहे तोवर, नळ्यांची जुळणी तपासा. स्वस्त दुर्बिणींत सर्वाधिक माल इथेच नापास होतो. दूरची आडवी रेघ, म्हणजे गच्चीची कड किंवा तार, पाहत दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश १५-२० सेंमी लांब न्या. दोन्ही वर्तुळांत रेघ एकाच उंचीवर राहिली पाहिजे. मग जवळ घेऊन डोळे पाच सेकंद मिटा आणि उघडा. क्षणभर दोन चित्रे दिसून मग एक झाली तर डोळ्यांचे स्नायू दुर्बिणीचा दोष ओढून ताणून झाकताहेत. आडवा फरक डोळे बराच सोसतात, उभा अजिबात नाही. दहा मिनिटांत डोके चढते. रूफ दुर्बीण असेल तर रात्री लांबच्या एका दिव्याकडेही बघा. दिव्याला आरपार लांब रेघ फुटली तर छपराची घासाई भोंगळ आहे.

बिजागरीही पाहा. एक बिजागरीची दुर्बीण उघडली की तयार. दुहेरी बिजागरीची घडी लहान होते, पण दर वेळी दोन्ही बाजू पुन्हा जुळवाव्या लागतात. बिजागरी इतकी घट्ट हवी की लावलेले अंतर आपोआप हलणार नाही. दोन बाहुल्यांमधले अंतर बहुतेक प्रौढांचे ५५ ते ७२ मिमीच्या दरम्यान असते. तुमचे त्या दुर्बिणीच्या कक्षेत बसते का ते लावून बघा, लहान मुलांसाठी तर नक्कीच.

डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवणारी कडी, एकदाच नीट लावायचा असतो आणि पुष्कळ लोक तो कधीच लावत नाहीत. उजवे पुढचे भिंग झाकणाने किंवा तळहाताने बंद करा, दोन्ही डोळे उघडे ठेवा, आणि मधल्या चाकाने साधारण वीस मीटरवरची पाटी डाव्या डोळ्यासाठी स्पष्ट करा. मग डावे भिंग झाका आणि मधले चाक न हलवता उजव्या बाजूची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण कुठे आली ते लक्षात ठेवा, कारण छोट्या दुर्बिणीत ही कडी खिशात घासून सरकते. ‘एका डोळ्याने धूसर दिसते’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते.

पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. खाली पाहून दुर्बीण उचलली तर जागा हरवते. कोपर छातीला टेकवा, अंगठे गालाच्या हाडाला. सूर्याच्या दिशेने दुर्बीण कधीच फिरवू नका, उडत्या शिकारी पक्ष्याच्या मागे जाताना तर विशेषच.

वापरलेली दुर्बीण घेत असाल तर पुढून टॉर्च मारून मागून आत पाहा. धुळीचे दोन-चार कण चालतात. जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, ती नको. हलवल्यावर आत काही खुळखुळले तर लोलक सुटलेला.

काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मऊ ब्रशने झटका, आणि मगच वाफ देऊन मायक्रोफायबर फिरवा. धुळीवर कापड घासले की कोटिंगवर चरे पडतात. ओली दुर्बीण कव्हरमध्ये बंद करू नका. घरी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तापवून वाळवा. चामड्याच्या किंवा जाड कापडी कव्हरात ओल धरून राहते, तिथून बुरशी भिंगावर येते, आणि एकदा तिने कोटिंग खाल्ले की पुसूनही डाग जात नाही.